पेढी मिळाली, पण स्वतःला म्हणू काय?

«मावशी, मी सांगलीची, वय ३१. मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. आजोबांनी काढली, वडिलांनी वाढवली. गेल्या दिवाळीनंतर वडील अचानक गेले. आजी-आजोबा त्याआधीच गेलेत. भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याला यात पडायचं नाही. पाडव्यापासून मी गादीवर बसते. शाळेच्या सुट्टीत दिवाणजींशेजारी बसून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिल्यात, त्यामुळे काम नवं नाही. लोकांचं बोलणं मात्र नवं आहे. सौदा चालू असताना एक जुने व्यापारी मला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आयत्या बिळावर नागोबा.’ चुलतभाऊ म्हणतो, ‘तुला काय, आयतं घावलं.’ बँकेच्या अर्जात मी ‘कायदेशीर वारस’ आहे. हमाल ‘मालकांची पोरगी’ म्हणतात. खरेदीदार फोनवर ‘मालक आहेत का?’ विचारतात. मालकीण म्हणावं तर ती आई. आता पाटी नव्यानं रंगवायची आहे. जुन्या पाटीवर आजोबांचं नाव आणि पुढे ‘आणि सन्स’. तिथं मी काय लिहू? खरं सांगू, रात्री मलाही वाटतं की ते म्हणतात ते खोटं नाही, मला आयतंच मिळालंय. माझ्यासारखीला मराठीत धड शब्द तरी आहे का?»

बाळ,

तुझ्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ आधी घेते. पाटीचं नंतर बघू. ती ओळ तुला रात्री जागवते आहे आणि दिवसा तू ती कुणाला सांगितलेली नाहीस.

हो, तुला आयतं मिळालं. गाळा मिळाला, यार्डातली जागा मिळाली, दोन पिढ्यांची पत मिळाली. ‘तुमच्या आजोबांच्या वेळेपासून इथंच माल उतरतो’ म्हणणारे शेतकरी मिळाले. हे विकत घ्यायला गेलीस तर मिळत नाही. तुझ्याच वर्गात तुझ्याच पेढीवरच्या हमालाचा मुलगा असेल, तर त्याला यातलं काही मिळालेलं नाही, हेही तितकंच खरं. ही गोष्ट मनात दाबून ठेवलीस की कुणीही टोचू शकतं. पुढच्या वेळी चुलतभाऊ म्हणाला, ‘आयतं घावलं,’ तर त्याच्याकडे बघून म्हण, ‘हो, घावलं.’ आणि वजनाच्या काट्याकडे वळ. त्यापुढे त्याच्यापाशी बोलण्यासारखं काही उरणार नाही.

नागोबाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती म्हण वारसाची नाहीच. बीळ उंदीर उकरतो आणि नाग येऊन त्यात बसतो. त्या बिळाशी नागाचं नातं नसतं, माती उकरण्यात त्याचा हात नसतो, आणि मूळ राहणाऱ्याला तो खातो. म्हण घुसखोराची आहे. तू दहाव्या-बाराव्या वर्षापासून पट्ट्या लिहिल्यास. कुठल्या गावचं हळकुंड आत पिवळं निघतं आणि कुठलं नुसतं वरून चमकतं, हे तू दिवाणजींच्या शेजारी बसून शिकलीस. त्या जुन्या व्यापाऱ्यांनी चुकीची म्हण वापरली. तुझ्यापाशी ‘आयतं’ आहे, ‘नागोबा’ नाही. हे दोन शब्द मनात वेगळे ठेव. आज ते एकत्र झालेत म्हणून तुला इतकं लागतंय.

आता मराठीतल्या शब्दांकडे ये. तू विचारलंस, धड शब्द आहे का. शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे नीट बघण्यासारखं आहे.

‘गर्भश्रीमंत’ घे. आईच्या पोटात असल्यापासून श्रीमंत. लोक हा शब्द कौतुकाने वापरतात, ‘गर्भश्रीमंत माणसं, पण बघा किती साधी.’ पहिल्यांदाच पैसा पाहिलेल्याला मात्र आपण ‘नवश्रीमंत’ म्हणतो आणि नाक मुरडतो. ज्याने स्वतः मिळवलं त्याला टोमणा आणि ज्याला जन्माने मिळालं त्याला आदर, हे मला फार खटकतं. ‘खानदानी’ आणि ‘पिढीजात’ हेही त्याच पंगतीतले. दुसऱ्या बाजूला ‘आयतोबा’, ‘ऐतखाऊ’, ‘बड्या बापाचा बेटा’, आणि मोटारीखाली कुणी आलं की वर्तमानपत्रात उगवणारा ‘धनिकपुत्र’. म्हणजे एकाच माणसाला आपली भाषा एक तर देवघरात बसवते, नाही तर उकिरड्यावर टाकते. मधल्या जागेसाठी, रोज सकाळी पेढी उघडून बसणाऱ्या वारसासाठी, नामच सापडत नाही. तुझी तक्रार खरी आहे.

‘वारसदार’ हा शब्द तर राजकारण्यांनी पळवलाच आहे. बातमीत ‘वारसदार कोण?’ आलं की प्रश्न मतदारसंघाचा असतो. ‘घराणं’ या शब्दाचं बघ. गाण्यात घराणं म्हणजे तालमीने, गंडा बांधून, गुरूपुढे वर्षानुवर्षं बसून मिळालेली गोष्ट, मग तू कुणाच्याही पोटी जन्मलेली अस. त्यालाच ‘शाही’ जोडली की घराणेशाही होते आणि तालीम गळून नुसतं पोट उरतं. तू दिवाणजींच्या शेजारी जे बसलीस, ते मला गाण्यातल्या घराण्यासारखं वाटतं.

पण जुन्या मराठीत वारसाचं नाव असं वाऱ्यावर नव्हतं, त्याला काम जोडलेलं होतं. ‘वारस’ आणि ‘मिरास’ हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले, एकाच धातूचे. मिरासदार म्हणजे ज्याची गावात वंशपरंपरेची जमीन आहे तो. तो सारा भरायचा आणि त्या बदल्यात गावात मानाने उभा राहायचा. ज्याची अशी जमीन नाही तो ‘उपरी’, आणि हा शब्द आजही परक्याला टोचायला आपण वापरतोच. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा अधिकार आणि त्याच्याबरोबरची चाकरी. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुले, इनामदार ही आज आडनावं आहेत. एकेकाळी ती बापाकडून मुलाकडे जाणारी कामं आणि हक्क होते. आपल्यापैकी कितीतरी लोक वारसाहक्काचा शब्द रोज सहीत लिहितात आणि त्याचा अर्थ विसरलेत.

या वतनांची दुसरी बाजूही तुला माहीत हवी, कारण त्याशिवाय त्या शब्दाचा मोह पडेल. मराठेशाहीतले मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलं आहे. दायाद म्हणजे वाटेकरी, भाऊबंद. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेलं तो हळूहळू राजालाही जुमानत नाही, हे अमात्यांनी ओळखलं होतं. आणि वतनदार हा शब्द नुसत्या देशमुखांपुरता नव्हता. गावाबाहेर राहणाऱ्या महारालाही वतन होतं. जमिनीचा छोटासा तुकडा आणि त्याच्या बदल्यात साऱ्या घरादाराने गावाची आणि सरकारची पडेल ती राबणूक. त्याचा मुलगाही वारसच होता, गुलामीचा वारस. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याचसाठी.

तुझ्या शेजारच्या कोल्हापुरात १९१८ मध्येच शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि महार वतनही त्याच वर्षी मोडलं. शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आलेले. म्हणजे गादी त्यांना जन्मानेही मिळालेली नव्हती, कागदाने मिळाली होती. त्या गादीवर बसून त्यांनी इतरांची वंशपरंपरेची कामं बंद केली. बाकीच्या भागात स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, गावकामगारांची कनिष्ठ वतनं १९५८ च्या, आणि पाटीलकी १९६२ च्या. वतन गेलं आणि आडनाव उरलं. लोक पाटील म्हणून हाक मारतात, पण गावचं दप्तर पोटी जन्मलं म्हणून हाती येत नाही. मला हे बरोबर वाटतं.

आणि वारसांची यादी काढायचीच तर देहूचा एक वारस विसरू नकोस. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती, म्हणजे तुझ्या पेढीसारखंच घर. तरुणपणी ते सगळं त्यांच्या हाती आलं. मग १६३० चा भयंकर दुष्काळ पडला. परंपरा सांगते की त्यांनी घरातली कर्जखतं भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. त्यांच्याच एका अभंगात मिराशीच्या शेताची गोष्ट आहे. मिराशीचं आहे एवढ्यावर शेत काही आपोआप पीक देत नाही, असं ते म्हणतात. व्यापाऱ्याच्या घरातला, हिशेबाची वही वाचता येणारा माणूसच हे इतकं नेमकं सांगू शकतो. तू इंद्रायणी गाठावीस असं मी म्हणत नाही. पण वडिलांच्या वहीत शेतकऱ्यांच्या उचलीची जी बाकी आहे, ती या उन्हाळ्यात एकदा स्वतः नावागणिक वाच. कोण बुडवणारा आहे आणि कोण बुडालेला आहे, हे तुला पावतीवरून कळणार नाही. माणूस समोर बसवून बोललीस तर कळेल. तुझ्या हाती आलेल्या मालमत्तेतला हा भाग गाळ्यापेक्षा जड आहे.

आता बाईमाणसाचं. तू लिहिलंस की फोनवर ‘मालक आहेत का?’ विचारतात. पाटलीण, सावकारीण, शेठाणी, मालकीणबाई हे सगळे शब्द बायकोचे आहेत. नवरा पाटील म्हणून ती पाटलीण. बापाकडून लेकीला काही मिळेल असं या शब्दांच्या मनातच नव्हतं. ‘वडिलोपार्जित’मध्ये आई नाही आणि ‘वंशाचा दिवा’ मुलगाच. भाषा मागे राहिली आणि कायदा पुढे गेला, असं इथं झालं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. देशाचा कायदा २००५ मध्ये बदलला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही.

माझं लग्न १९८९ मधलं. १९९४ च्या कायद्याने मी वगळली गेले. वडील १९९७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या हिश्शात माझा वाटा होताच, पण मला तो कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. दोन्ही भावांनी मला आणि बहिणीला जेवायला बोलावलं, साडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही घेतली. भाऊ वाईट नव्हते. सगळ्यांच्याच घरी असं होत होतं. काही वर्षांनी फेरफाराची नक्कल हातात आली, त्यात आम्हा बहिणींच्या नावांपुढे महसूल खात्याच्या भाषेतले तीन शब्द होते, ‘नाव कमी केले’. माझ्या वडिलांच्या शेताशी माझं नातं सांगणारं मराठीतलं शेवटचं वाक्य ते. म्हणून तू ‘मला शब्द नाही’ लिहिलंस तेव्हा मी पत्र बाजूला ठेवू शकले नाही.

तुझं नाव कमी झालेलं नाही. ते तसं राहावं म्हणून काही गोष्टी लगेच कर.

आधी बँकेचं सांगते. वडिलांनी खात्यावर तुझं नाव नॉमिनी म्हणून लावलं असेल, तर लोक तुला सांगतील, सगळं तुझं. तसं नसतं. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना त्यांच्या वाट्याप्रमाणे द्यायचे. नॉमिनी आणि वारस हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की घरं फुटतात. वडिलांचं मृत्युपत्र आहे का शोध. ते नसेल आणि पेढी त्यांची एकट्याची असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि तू या तिघांचा सारखा वाटा. पेढी एकत्र कुटुंबाची असेल तर हिशेब वेगळा, आणि मग चुलतभावाचं बोलणं नुसतं टोमणा म्हणून सोडून देता येणार नाही. आजोबांच्या वेळची वाटणी कागदावर झाली होती का, हे वकिलाला दाखव. बाजार समितीचा परवाना आणि जीएसटी वडिलांच्या नावावर असतील तर तेही आता तुझ्या नावाने नव्याने करावे लागतील. भावाला यात यायचं नसेल तर ते त्याने फोनवर नको, कागदावर सांगू दे, आणि त्याचा मोबदला ठरव. त्याची सही साडीच्या बदल्यात घेऊ नकोस, शर्टाच्या बदल्यातही नको.

भाऊबंदकीला घाबरू नकोस, पण तिला हलकंही समजू नकोस. तुझी सांगली हे गाव राजधानी झालं तेच मुळी वाटणीमुळे. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन आणि त्यांचे काका गंगाधरराव यांचं मिरजेत बिनसलं, आणि पुतण्याने कृष्णाकाठी आपलं वेगळं संस्थान थाटलं. काका आणि पुतण्या भांडले, आणि आज तू ज्या यार्डात बसतेस ते शहर वाढलं. सगळ्याच वाटण्यांचं इतकं चांगलं होत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. नाम सापडत नाही म्हणून मी बरेच दिवस विचार केला, आणि मला वाटतं आपण चुकीच्या जागी शोधत होतो. मराठीने वारसाचा मान नामात ठेवलेला नाही, तो क्रियापदात आहे. गादी ‘चालवणं’, नाव ‘राखणं’, नाव ‘काढणं’, वारसा ‘जपणं’. ‘पोरीनं बापाचं नाव काढलं’ याहून मोठी शाबासकी आपल्याकडे नाही. आणि बघ, तुझी गादी तर खरोखरची गादी आहे, पांढऱ्या खोळीची, मागे लोड असलेली. छत्रपतींच्या गादीला आणि अडत्याच्या गादीला मराठी एकच शब्द वापरते. दोन्हींवर ‘बसतात’ आणि दोन्ही ‘चालवतात’. बसणं जन्माने होतं. चालवणं रोज सकाळी होतं.

म्हणून फोनवर कुणी ‘मालक आहेत का?’ विचारलं तर ‘मी त्यांची मुलगी’ म्हणू नकोस, आणि ‘मी मालकीण’ असंही नको. ‘पेढी मी चालवते, बोला,’ एवढं म्हण. मी ते मोठ्याने उच्चारून पाहिलं. कानाला चांगलं लागतं, खोटं नाही, आणि त्यात तू कुणाची बायको किंवा मुलगी म्हणून येत नाहीस. हमाल ‘मालकांची पोरगी’ म्हणतात ते तसंच राहू दे. त्यांनी तुला लहानपणी उचलून पोत्यांवर बसवलं असणार. त्या शब्दात टोमणा नाही, माया आहे.

पाटीचं. आजोबांचं नाव ठेव, ते यार्डातली पत आहे. ‘आणि सन्स’ काढ, कारण ते आता खरं नाही, आणि पाटी खोटी असू नये. तिथं ‘आणि कन्या’ लिहावंसं तुला वाटेल, तो मोह मला समजतो. पण मी ‘आणि मंडळी’ सुचवेन. जुन्या व्यापारी पाट्यांवर हा शब्द असायचा. त्यात तू येतेस, भाऊ त्याचा वाटा ठेवणार असेल तर तो येतो, तुझे दिवाणजीही येतात. आणि आपल्या आजोबांच्या पिढीतले लोक बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणायचे, हे तुला आठवत असेल.

यावरून तुझ्या आईची आठवण झाली. सगळ्या पत्रात ती एका वाक्यापुरती आली आहे, ‘मालकीण म्हणावं तर ती आई.’ इतकी वर्षं यार्ड तिला मालकीणबाई म्हणत आलं, ते तुझ्या वडिलांच्या नात्याने. आज मृत्युपत्र नसेल तर ती पहिल्यांदा, कायद्याने, स्वतःच्या हक्काने पेढीच्या एका वाट्याची मालकीण आहे, आणि बहुधा हे तिला कुणी सांगितलेलं नाही. रंगारी येण्याआधी एक दिवस दुपारी, यार्ड शांत असताना, तिला पेढीवर घेऊन ये. गादीवर बसव. वह्या पुढ्यात ठेव, वाटा समजावून सांग, आणि मग पाटीवर काय लिहायचं ते तिला विचार. तिने काय सांगितलं ते मला कळव.

तुझी,
मावशी